वाकड्या शिंगांचा बैल मुलाचाच असू द्या

चाळीसगावात गेल्या काही वर्षांत एक मत घट्ट रुजलं आहे. पालकसभेत ते मोठ्यानं मांडलं जातं, ओट्यावरच्या गप्पांत ते गृहीत धरलेलं असतं, आणि अलीकडे काही शिक्षकही त्याला मान डोलावतात. बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांकडून राखीला दोरे, पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला कंदील आणि संक्रांतीला तीळगूळ करून घेण्यात वेळ वाया जातो, असं हे मत. तेवढ्या वेळात मूल अक्षरं गिरवील, शंभरपर्यंत आकडे लिहील, चार इंग्रजी शब्द पाठ करील. पुढे स्पर्धा आहे, तिथे हे उद्योग कामाला येत नाहीत.

याच मताचं एक सौम्य रूप आहे. ते म्हणतं, सण करा, हस्तकलाही असू द्या, पण जरा बघण्यासारखं होऊ द्या. मग आई रात्री जागून कंदील चिकटवते, वडील बाजारातून रंगवलेली बैलजोडी आणतात, शाळेत बाई मुलाच्या हातावर आपला हात ठेवून रंग भरतात, फोटो निघतो आणि पालकांच्या ग्रुपवर जातो. फोटोत मूल असतं, पण हातातली वस्तू त्याची नसते.

पहिल्या मताशी माझं भांडण आहेच. दुसऱ्याशी त्याहून मोठं आहे. पहिलं मत मुलाकडून उद्योग काढून घेतं हे निदान सर्वांना दिसतं. दुसरं तो उद्योग मुलाच्या नावावर ठेवून त्याच्या हातातून काढून घेतं, आणि त्याचं कौतुकही होतं.

आधी वेळेचं बघू. ज्यांना मुलानं लवकर आणि चांगलं लिहावं असं वाटतं, त्यांनी आधी त्याच्या मनगटाकडे बघावं. जन्मलेल्या बाळाच्या मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड घट्ट व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली निम्मी कामं अजून व्हायची असतात. या हाताला बारीक पेन्सिल देऊन तासभर ओळीत अक्षरं काढायला बसवलं, की मूल पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यातून जोर लावतं, कागद फाडतं, रडतं. आपण त्याला आळशी ठरवतो. त्याच मुलाला कणकेचा गोळा द्या. ते बोटांनी दाबतं, तळव्यावर वळतं, चिमटीनं टोकं काढतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांसमोर येऊन काम करायला लागतात ती अशा वेळी, आणि लिहिण्याला लागते ती नेमकी हीच पकड. राखीसाठी मणी ओवणं, कंदिलाच्या झिरमिळ्यांसाठी कागदाच्या पट्ट्या फाडणं, तोरणासाठी आंब्याची पानं दुमडून काडी टोचणं, शेंगा फोडून दाणे वेगळे करणं या सगळ्यांत हात लिहिण्यासाठी तयार होत असतो. हा अभ्यासातून चोरलेला वेळ नव्हे. या वयात अभ्यास असाच असतो.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत म्हणून वेगळा काढला, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं खेळ आणि हाताळणी यांना शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवलं. पहिलीच्या प्रवेशाला लिहिता आलं नाही तर शाळा घेणार नाही, ही भीती घालून चौथ्या वर्षी पाटी-पेन्सिल लादली जाते, तिलाही आधार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई करतं. पालकांनी ही भीती डोक्यातून काढून टाकावी, आणि जी शाळा ती घालते तिला हे कलम दाखवावं.

आता पोळ्याच्या बैलावर जरा थांबतो, कारण वाद सगळ्यात जास्त त्याच्यावर होतो. बाजारात साच्यातून काढलेले, चकचकीत रंगवलेले बैल मिळतात. ते दिसायला नक्कीच सुबक असतात. मुलानं केलेल्या बैलाचा एक पाय आखूड असतो, शिंगं दोन दिशांना जातात, शेपूट पोटाला चिकटलेली असते. दोन्ही शेजारी ठेवले तर मोठ्या माणसाची नजर कुठे जाते हे सांगायला नको. पण हा बैल होताना काय घडतं ते बघा. आपल्याकडची माती काळी. ही कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळे. मूल नुसत्या काळ्या मातीचा बैल करतं, रात्री सुकायला ठेवतं, आणि सकाळी पाठीवर भेग दिसते. मान निखळते. मूल हिरमुसतं. इथे मोठ्या माणसानं नवा बैल विकत आणून दिला तर गोष्ट संपली. त्याऐवजी त्याला कुंभारवाड्यात नेलं तर कळतं की कुंभार मातीत राख मिसळतो, घोड्याची लीद मिसळतो, त्यामुळे माती वाळताना स्वतःला सांभाळते. मग पुढचा गोळा मळताना मूल स्वतःच मूठभर राख टाकतं, घरात सरकीला चिकटून उरलेला कापूस पिंजून टाकतं, वाळू टाकून बघतं. एक बैल भुगा होतो, एक टिकतो. ज्याला मोठ्या वर्गात गेल्यावर आपण प्रयोग म्हणणार आहोत, तो चार वर्षांच्या वयात त्याच्या अंगणात होऊन गेलेला असतो. पाठीवरची भेग ही त्या दिवसातली सर्वात मौल्यवान गोष्ट होती, आणि साच्यातल्या बैलाला भेगच पडत नाही.

शिवाय मुलाला बैल ठाऊक असतो. चाळीसगाव तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या गोठ्यात तो उभा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तुपाहळदीनं शेकतात, शिंगांना रंग लागतो, गोंडे बांधतात, हे मूल बघत असतं. म्हणून त्याच्या बैलाचं वशिंड भलतंच मोठं असतं, कारण बैलाशेजारी उभं राहिलं की तेच आधी डोळ्यांत भरतं. कुणी डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे बसवतं, कुणी शिंगांना खराट्याच्या काड्या लावतं. हे पाहणं आहे, आणि हे त्याचं पाहणं आहे. बाईंनी हात धरून वशिंड लहान केलं की त्या क्षणी मुलाला एवढंच कळतं की त्यानं पाहिलेलं चूक आणि बाईंचं बरोबर. पुढच्या वर्षी ते विचारतं, बाई, बैल कसा करू? ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्या मुलाला हा प्रश्न विचारावा लागणं, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

हस्तकलेनं पुढे काय होतं, असं विचारणाऱ्यांना चाळीसगावातच एक पत्ता आहे. रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आहे. १९१२ साली जन्मलेला हा माणूस १९८९ मध्ये गेला तोपर्यंत आयुष्याचा बहुतेक काळ त्याच घरात राहिला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं, या प्रकारात त्यांनी नाव मिळवलं. कागदाच्या घड्या, कातरकाम, मातीकाम हेही त्यांनी मन लावून केलं. आज ते घर कलादालन म्हणून बघायला मिळतं. आपण गावाचं भूषण म्हणून त्यांचं नाव घेतो, आणि आपल्याच मुलानं वर्तमानपत्राची होडी केली तर कचरा करू नको म्हणून ती फेकतो. मी असं म्हणत नाही की होडी करणारं प्रत्येक मूल कलावंत होईल. झालं नाही तरी काही बिघडत नाही. पण ज्या गावाला कागदाच्या घडीचा अभिमान बाळगायचा आहे, त्यानं ती घालू तरी द्यावी.

गणिताचा धाक घालणाऱ्यांसाठीही उत्तर तालुक्याच्या हद्दीतच आहे. पाटणादेवीच्या परिसरातला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे मठ उभारला. भास्कराचार्यांचं नाव आपण शाळांच्या भिंतींवर रंगवतो. मग मुलाच्या हातात चौकोनी कागद दिला आणि तो कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडला, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, पुन्हा दुमडला की चार, हे गणितच आहे, ते का दिसत नाही? जर्मन शिक्षक फ्रोबेल यानं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली तेव्हा कागदाच्या घड्या, विणकाम, माती हेच तिथले धडे होते. त्या घड्यांवरून सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमधून एक पुस्तक काढलं, त्यात कागद दुमडून भूमिती शिकवली आहे. दिवाळीचा साधा कंदील करायला बसलेलं मूल पट्ट्या मोजतं, सारख्या लांबीच्या करतं, एक आड एक रंग लावतं. त्याच्या वहीत हे कुठेच उमटत नाही म्हणून आपण ते मोजत नाही.

खाऊच्या बाबतीत विरोध जरा वेगळ्या सुरात येतो. म्हणतात, हातानं केलेलं अस्वच्छ. दुकानातलं पाकीट सीलबंद आणि निर्धास्त. हात न धुता केलेला खाऊ अस्वच्छच असतो, यात वाद नाही. त्याचा उपाय हात धुणं आहे, पाकीट नव्हे. खाऊ करण्याआधी साबणानं हात धुवायचे हे मुलाला जितकं लाडू वळताना पटतं तितकं भिंतीवरचं चित्र बघून पटत नाही. आणि पाकिटात जे असतं ते मीठ, तेल, साखर आणि रंग. खान्देशातल्या एखाद्या घरात संक्रांतीला जे होतं त्याच्याशी त्याची बरोबरी होत नाही.

संक्रांतीचाच लाडू घ्या. गुळाचा उकळता पाक चार वर्षांच्या मुलाजवळ नको, हे म्हणणारे बरोबर आहेत. पाकाचा चटका वाईट असतो. पण पाकाशिवायही लाडू होतो. भाजलेल्या तिळाचा आणि दाण्याचा कूट करायचा, त्यात किसलेला गूळ घालून खलबत्त्यात कुटत राहायचं. तिळाला तेल सुटतं, गूळ त्यात मिसळायला लागतो, आणि मिश्रण आपोआप मुठीत बसतं. मूल कुटतं, वळतं, आणि कधी कोरडं म्हणून लाडू फुटतो तर कधी जास्त कुटल्यामुळे हात तेलकट होतो, हे त्याला हातानंच कळतं. बारीक कूट असल्यामुळे लहान मुलाच्या घशात अडकायची भीतीही कमी. ही भीती खोटी नाही, आणि परंपरेच्या प्रेमात आपण ती झटकून टाकू नये. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं देऊ नयेत. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओततात आणि मग सगळी बारकी पोरं जमिनीवरून वेचून थेट तोंडात टाकतात, तिथे मोठ्यांची नजर हवीच. बाळापुरते नुसते चुरमुरे ओतले तरी त्याचं न्हाण होतं. पतंगाचंही तेच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. लहान मुलाला मांजा हातात द्यायचं काही कारण नाही, त्याला कागदाची लांब शेपटी करू द्या आणि ती घेऊन पळू द्या.

उन्हाळ्यात तर आपल्याकडे घराच्या गच्चीवर बालवाडीच भरते, फक्त आपण तिला तसं म्हणत नाही. बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालायची, दळायची, आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तीळ, लसूण, मिरची घातलेला तो गरम घाटा वर कच्चं तेल घालून खाणं हा खान्देशातल्या मुलांचा हक्काचा खाऊ आहे. तो खाऊन झाला की ओल्या कापडावर एक छोटी बिबडी थापायला मुलाला जागा द्या. ती कुठे जाड, कुठे विरळ होईल. जाड भाग उशिरा वाळतो हे त्याला दुपारी दिसेल. उडदाच्या पापडांच्या दिवशी लाट्या पळवणं, कुरडयांच्या दिवशी चीक खाणं, वाळवणावर पाखरांची राखण करणं, यांत मुलाला घरातल्या खऱ्या कामात खरा वाटा मिळतो. चार वर्षांच्या माणसाला आपण उपयोगाचे आहोत असं वाटायच्या संधी फार कमी असतात. त्या काढून घेऊन त्याच्या हाती मोबाइल द्यायचा आणि मग ते एका जागी बसत नाही अशी तक्रार करायची, हे मला पटत नाही. आखाजीला गौराईची गाणी होतात, झाडाला झोके बांधतात, घरात सांजोऱ्या होतात. सांजोरी दुमडून तिची कडा दाबणं हे काम तर लहान बोटांना चांगलंच जमतं.

आणि गुलाबाई. जळगावकडे भुलाबाई म्हणतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा असतो. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा. गोड की तिखट, कोरडं की ओलं, तळलेलं की भाजलेलं, एकेक प्रश्न विचारत उत्तराकडे जायचं. आज बालशिक्षणाच्या कार्यशाळांमध्ये भाषाविकासाचे जे खेळ शिकवतात, त्यांतल्या कित्येकांपेक्षा हा खेळ सरस आहे. मूल वर्गवारी करतं, नेमका शब्द शोधतं, दुसऱ्यानं विचारलेलं लक्षात ठेवतं, एक शक्यता बाद करून दुसरीकडे वळतं. आणि खाऊ करणाऱ्या घराला आपला पदार्थ कुणाला ओळखता येऊ नये अशी ईर्षा असल्यामुळे दर संध्याकाळी काही वेगळं होतं. डबा हलवल्यावर पोह्यांच्या चिवड्याचा आणि मुरमुऱ्यांचा आवाज वेगळा येतो, हे ज्या मुलाला कानानं कळतं त्याला आपण शिकवायचं राहिलंय असं म्हणतो, हे धाडसाचं आहे.

इथे एक आक्षेप असा येतो, की हे सारं हिंदू घरांचं आणि त्यातही मुलींचं. शाळेत सगळ्यांची मुलं असतात. आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करून पुढे जातो. गुलाबाईचा डबा मुलग्यांनी हलवू नये असा कुठलाही नियम शाळेला बांधून घेत नाही. शाळेत पूजा नको, ओळखण्याचा खेळ घ्या. ईदच्या आसपास शेवया हाताळायला द्या, चंद्रकोर कापायला द्या. आपल्या तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर कवड्या, मणी आणि आरशांच्या कामाची केवढी श्रीमंती आहे. तिथली एखादी आजी शाळेत येऊन बसली तर ओवण्याचा धडा कुठल्याही तयार संचापेक्षा चांगला होईल. होळीला साखरेचे हार-कडे विकत आणतो ते आणू, पण गौताळ्याच्या डोंगरात फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो, त्याची गळून पडलेली फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग मिळतो, आणि त्याला जात नाही की धर्म नाही. सण कुणाचाही असो, हंगाम सगळ्यांचा असतो. पाऊस पडला की होडी सोडायची, थंडीत शेंगा भाजायच्या, कडबा आला की धांड्यांच्या आतल्या मऊ गराची बैलगाडी करायची. फक्त धांड्याची साल मोठ्यांनी सोलून द्यावी, तिची धार बोट कापते.

दुसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे, आणि तो बहुतेक वेळा बायका बोलून दाखवत नाहीत: हे सगळं शेवटी आईच्या डोक्यावर येतं. शेतातून, नोकरीवरून आलेली बाई रात्री दहाला उद्याच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोल कापत बसते. अंगणवाडीची सेविका पोषण आहार, लसीकरण, मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर'च्या नोंदी यांत दिवस घालवते आणि वर तिला सजावटही मागतात. या दोघींवर आणखी ओझं टाकणारा कुठलाही सल्ला मी देणार नाही. पण हे ओझं कशाचं आहे ते नीट बघा. ते मुलाच्या उद्योगाचं नाही, ते देखणेपणाच्या मागणीचं आहे. मूल स्वतः बैल करतं तेव्हा आईला थर्माकोल कापावा लागत नाही. मातीचा गोळा, पाण्याची वाटी आणि जवळ बसलेलं एक माणूस, एवढं पुरतं. ते माणूस वडील का असू नये? मोठी माय, आजोबा, शेजारची दहावीतली ताई का असू नये? सुंदर हवं ही अट काढली की त्या बाईची रात्र मोकळी होते. म्हणून मी पुन्हा सांगतो, की बघण्यासारखं करा म्हणणारं मत मुलाइतकंच आईवरही अन्याय करतं.

काही मंडळी उलट्या बाजूनं माझ्याशी भांडतात. त्यांना सगळं जसंच्या तसं हवं असतं: खापरावरचे मांडेच, कुंभाराचीच गुलाबाई, आजीच्याच पद्धतीनं. त्यांचा आग्रह प्रेमाचा आहे. तरीही लहान मुलाच्या हातात देताना रीत सैल करावी लागते. मांडा मुलाला जमणार नाही. केळं कुस्करून शिकरण जमेल, मुरमुरे-शेवेची भेळ कालवणं जमेल, भाकरीचा काला करणं जमेल. त्याच्या गुलाबाईला नाक नसेल तर नसू दे.

आणि पैशाचा प्रश्न. शहरातल्या दुकानांत आता सणावारी लहान मुलांचे तयार संच मिळतात. कापलेले आकार, चिकटपट्टी, सूचना, सगळं आत. ज्यांना परवडतं ते घेतात, बाकीच्यांची मुलं वर्गात बघत बसतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. माँटेसोरीची साधनं महाग, आणि मुलं गरिबांची. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, खडे, पानं, शिंपले, माती यांतून साधनं उभी केली. आज आपल्या तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं संक्रांतीला कारखान्याच्या तळावर असतात, आखाजीच्या सुमाराला परत येतात. या मुलांच्या हाताला पोचेल असा उद्योग फक्त माती, पानं, कागद आणि हंगामाचा खाऊ यांतूनच निघतो. बालवाडीत शिरलेल्या संचानं या मुलांना सर्वात आधी बाहेर काढलं, आणि त्याबद्दल कुणी पालकसभेत उभं राहिलं नाही.

म्हणून शाळांकडे माझी मागणी मोजकी आहे. सणाच्या वस्तू घरून करून आणायला सांगू नका. वर्गात करू द्या, मग तासभर पसारा झाला तरी चालेल. त्यांना क्रमांक देऊ नका. ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर मूल करत असतानाचा टाका. खाऊच्या दिवशी दाणे कुटून आणि फळं कापून ठेवा, घशात अडकेल असं काही नको. आणि वर्षाच्या साहित्याच्या यादीतून तयार संच काढून त्या पैशांत हात धुवायचा नळ मुलांच्या उंचीला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बसवून घ्या, शेजारी साबण ठेवा. कित्येक ठिकाणी तो अजून मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर आहे.